एका चादरीखालची सर्दी

शरदच्या घरून "लगेच या" असा फोन आला, तेव्हा मी निलगिरीच्या तेलाची बाटली आणि ओव्याची पुरचुंडी घेऊन निघालो. उपाय सांगायला जाताना रिकाम्या हाताने जाणं मला आवडत नाही. खडकीच्या क्वार्टरचा जिना चढलो, दाराबाहेर इतक्या चपला कशा म्हणत आत शिरलो आणि बाटली थेट मंदावहिनींच्या हातात ठेवली. त्यांनी ती घेतली. म्हणाल्या, "भावोजी, आता काय करू हिचं… सकाळीच गेले हे."

शरद आणि मी कारखान्यात एकाच विभागात. मैत्री मात्र सायनसने जुळवली. दर रविवारी तो आमच्याकडे यायचा. जमिनीवर उकळत्या पाण्याचं पातेलं, समोरासमोर आम्ही दोघं आणि दोघांच्या डोक्यावर एकच निळी चादर. बाहेरून आमचं ध्यान कसं दिसत असेल, ते बायको जाणे. ती यायच्या-जायच्या वाटेवर विचारायची, "शिजलं का हो?" आत आम्ही घामाघूम होऊन साहेबापासून सासुरवाडीपर्यंत सगळं बोलायचो. चादरीखाली माणूस खोटं बोलत नाही, असा माझा समज होता.

गेल्या पावसाळ्यात त्याचा डावा गाल बधिर झाला. दाढी करताना कापलं, रक्त कॉलरवर आलं, तरी त्याला पत्ता नाही. मी लगेच निदान केलं. मला एकदा तसंच झालं होतं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की आतली सूज डोळ्याखालची नस दाबते, सूज उतरली की गाल जागा होतो. कधी दाढेच्या मुळाशी पू असतो. त्यात मी माझ्याकडून स्कूटरवरच्या वाऱ्याची भर घातली. "पण सर्दी जाऊन बधिरपणा राहिला तर थांबायचं नाही, असंही ते म्हणाले होते," हे मी त्याला बजावून सांगितलं. दिवाळीनंतर पुन्हा विचारलं. "दाखवलं रे," तो म्हणाला, "सूजच आहे. तुझंच निदान. फी तेवढी त्यांनी घेतली." मी आठवडाभर छाती काढून फिरलो.

मग तो रजेवर खडकवासल्याला मेव्हण्याकडे गेला. आला तो गाल काळवंडलेला. म्हणाला, "धरणावर ऊन फार." त्यानंतर चादरीत यायचा, पण मागे सरकून बसायचा. "वाफ तू घे, मी नुसता बसतो…"

वहिनींनी त्या दिवशी सांगितलं. गालाच्या पोकळीत गाठ होती. नस तिनेच दाबलेली. दिवाळीपासून सगळं माहीत होतं आणि मेव्हण्याकडून तो रोज किरणांच्या उपचाराला जात होता. "तुमच्याकडे फक्त तुमच्या मिसेसना ठाऊक होतं," असंही त्या सहज बोलून गेल्या.

माणूस गेल्यावर त्याच्यावर रागावू नये म्हणतात. मी रागावलो. हातभर अंतरावर बसून याने मला फसवलं, आणि चहा आणून देणारी माझी बायकोही त्यात सामील. त्याचं मरण एवढे दिवस माझ्याच घरात येऊन बसत होतं आणि मी त्याला ओवा हुंगायला देत होतो…

पुढे बरेच दिवस मी घरात कामापुरतंच बोललो. परवा रविवारी सर्दी झाली म्हणून पातेलं ठेवलं, निळी चादर काढली. एकट्याला ती फार मोठी होते. तिचं दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं. बायकोने ते उचलून माझ्या पाठीवरून घेतलं आणि तिथेच बसली.

"आत्याबाईंना दवाखान्यात नेलं होतं ना, तिथे दिसले ते मला," ती म्हणाली. "मी म्हटलं, ह्यांना सांगते. तर हात जोडले हो त्यांनी. म्हणाले, वहिनी, घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. तुमच्याकडे आलो की मला नुसती सर्दी असते. तेवढी राहू द्या."