ओमान लई चांगला देश हाय

"अप्पा!" म्हणून पोरगी ओरडली आणि माझा हात सोडून रस्त्यात पळाली.

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर, संध्याकाळच्या गर्दीत, चार वर्षांची पोरगी. रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला, शिवी घातली, मी पळाले, एक चप्पल मागंच राहिली, तिला दंडाला धरून मागं ओढलं. तोपर्यंत मी बी बघितलं होतं. पलीकडं चुरमुऱ्याच्या गिरमिटच्या गाड्यापाशी आमचे हे उभे होते. कारखान्याचा निळा शर्ट, हातात कागदाचा द्रोण. आमच्याकडं बघितलं आणि तोंडाकडं नेलेला घास तसाच थांबला.

आणि हे तर ओमानला होते. म्हणजे घरात, गल्लीत, सगळ्या पाव्हण्यांत हे दहा महिने झाले ओमानला होते.

माझ्या पाठीमागं साडीच्या दुकानाच्या पायरीवर तिघी उभ्या. माझी सासू, माझी नणंद, आणि नणंदेची होणारी सासू. लग्न महिन्यावर आलतं. नणंदेची दोन ठिकाणं आधी मोडलेली, हे तिसरं. अमरगोळच्या मार्केट यार्डात त्यांचं मिरचीचं दुकान, मोठं घर, आणि ते आमच्या दारात आले ते मुलीचा भाऊ परदेशात हाय म्हणून. तसं बोलून दाखवलं होतं त्यांनी.

"यारव्वा अंव?" विहीणबाईंनी विचारलं. "कोण गं तो? पोरगी अप्पा म्हणाली की."

मी पोरीच्या थोबाडीत मारली.

"अप्पा न्हाई तो. कुणी न्हाई."

"अप्पाच हाय, बघ की," ती म्हणाली. रडली न्हाई, मला समजावून सांगालती, मला दिसलं नसंल म्हणून. मी अजून एक मारली. मग रडली.

ह्यांनी ते सगळं बघितलं. द्रोण गाड्यावर ठेवला, पाठ फिरवली आणि चालाय लागले. पळाले न्हाईत. हळू, ओळख नसलेला माणूस चालतो तसे.

आत्या, म्हणजे माझी सासू, त्या पाठीकडं बघत होत्या. ह्यांचा उजवा खांदा खाली हाय, लहानपणी झाडावरनं पडल्यापासनं, शंभर माणसांत कळतंय. मला वाटलं, संपलं आता. आत्या म्हणाल्या, "माझा लेक मस्कतात हाय, विहीणबाई. ह्या पोरीला कुणीबी अप्पा दिसतंय. आईनं नको तेवढं लाडावलंय." आणि आत गेल्या, ती मोरपंखी परत दाखवा म्हणाल्या.

आता कसं झालं ते सांगते. मी नववी नापास, नीट लिहाय येत न्हाई, सुचंल तसं सांगते.

हे निघाले तेव्हा हुबळी स्टेशनवर अर्धी गल्ली आलती. हार घातले, पेढे वाटले, आत्यांनी दृष्ट काढली फलाटावर. मुंबईत मेडिकल केलं तर छातीच्या फोटोत डाग निघाला. जुना डाग, आजार न्हाई, पण एजंट म्हणाला अनफिट. तिसऱ्या दिवशी ह्यांचा मला फोन. "घरी येत न्हाई मी. हार अजून वाळला नसंल, काय तोंड दाखवू?" धारवाडच्या पुढं बेलूरला एका मित्राच्या ओळखीनं कारखान्यात चिकटले, तिथंच खोली घेतली. पोरीची शपथ घातली मला, कुणाला सांगायचं न्हाई. मी न्हाई सांगितलं. आईला बी न्हाई.

मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं चालतंय. बेलूर आमच्या घरापासनं बसनं दीड तास. हे मी किती वेळा मनात म्हटलं असंल.

गल्लीत संध्याकाळी आम्ही कट्ट्यावर बसतो. एका अक्काचा नवरा कुवेतात, एकीचा भाऊ दुबईत. रोज तेच, कुणाचा देश चांगला.

"दुबईत दुकानाच्या आत बर्फ पाडलाय, पोरं घसरतात त्यावर."

"आणि बाहेर? आमचे हे म्हणतात कुवेतात गाडीच्या टपावर दोशा भाजून घे, तवा नको. पण माणसं दिलदार हं."

"मग डबा कशाला मागवतोय तुझा नवरा, टपावर घाल म्हणावं."

"तू गप बस. आणि तुझं गं? ओमानात काय हाय? खजूर आणि दगूड?"

मी दूध उतू जाईल म्हणून उठले. घाबरले. म्हटलं हिला संशय आला. घरी येऊन मोबाईलवर ओमान बघाय लागले. रोज बघितलं, भाकरी थापताना, पोरीला भरवताना. आणि खरं सांगते, मला तो देश आवडला. तिथं दुबईसारखे मनोरे न्हाईत, घरं बुटकी आणि पांढरीशुभ्र, मागं काळे डोंगर, पुढं समुद्र. शंकराचं जुनं देऊळ हाय मस्कतात. सलाला म्हणून गाव हाय, तिथं पावसाळा येतोय, धुकं पडतंय, नारळ, केळी, डोंगर हिरवा, अरबी लोक लांबनं ते धुकं बघाय येतात. घरोघरी ऊद घालतात, आलेल्या माणसाला आधी खजूर आणि कॉफी. गडी माणसं मोठ्या कढईत हलवा घोटतात. आणि एका किनाऱ्यावर मोठी मोठी कासवं समुद्रातनं वर येतात, वाळूत अंडी घालून परत जातात.

मग कट्ट्यावर मीच बोलाय लागले. त्या दोघी ऐकत बसायच्या. दुबईवाली म्हणाली, "हौदेनवा? खरंच? मला बी तिकडं जावंसं वाटालंय की." मला इतका आनंद झाला त्या दिवशी, काय सांगू.

पोरीला कासवांचं लई वेड लागलं. फोनवर रोज विचारायची, "अप्पा, कासव बघितलं?" हे म्हणायचे, "बघितलं, एवढं मोठं." तिकडनं नेहमीचा व्हिडिओ कॉल लागत न्हाई, वेगळं अ‍ॅप घालून घ्यावं लागतंय, दुबईवालीनंच सांगितलं. आम्ही पण घातलं. बेलूरवरनं हुबळीला बोलाय. ह्यांनी खोलीची एक भिंत पांढरी रंगवली आणि मागं घड्याळ लावलं, मस्कतच्या वेळेचं. आत्या फोनमध्ये ते घड्याळ बघून म्हणायच्या, "अजून उजेड असंल तुझ्याकडं."

त्या दिवशी साडी घ्यायला जातोय हे मीच ह्यांना बोलून गेलते. हे म्हणाले, "पोरीला लांबनं बघतो एकदा." मी नको म्हटलं. पण वेळ सांगितली, दुकान बी सांगितलं. नको म्हणणारी बाई दुकान कशाला सांगंल?

घरी आल्यावर आत्या स्वयंपाकघरात आल्या. दूध तापलं का बघितलं आणि म्हणाल्या, "पोरीचं तोंड बांधून ठेव. हे लग्न मोडलं तर तुला पोरीसकट तुझ्या आईच्या दारात टाकून येईन. वर सांगंन, हिला नवरा सांभाळाय आला न्हाई."

"आत्या, ते तिथं..."

"कोण ते?" असं बघितलं माझ्याकडं. "माझा लेक मस्कतात हाय."

मग मी पोरीला शिकवलं. रोज, अंघोळ घालताना, दार लावून.

"अप्पा कुठं हाय?"

"फोनमध्ये. ओमानला."

"रस्त्यात दिसला तो कोण?"

"अप्पा."

मांडीला चिमटा. आत, वर दिसणार न्हाई तिथं. परत विचारायचं. तिसऱ्या दिवशी ती गप राहाय लागली. गप राहिली तरी मी चिमटा काढला, उत्तर पाहिजे होतं मला. पाचव्या दिवशी साबण लावालते तर मी विचारायच्या आधीच म्हणाली, "कुणी न्हाई." मी तिला चॉकलेट दिलं.

लग्न झालं. झोकात झालं. ह्यांना रजा मिळाली न्हाई म्हणून सांगितलं. दुबईवालीनं मोबाईल धरून अक्षता दाखवल्या ह्यांना, पाव्हण्यांनी स्क्रीनला हात हलवले. विहीणबाई म्हणाल्या, "मागं घड्याळ बघा, तिकडं अजून सकाळ हाय." आमच्या हुबळीतल्या दुकानातनं आणलेला खजूर मी डब्यात भरून त्यांच्या हातात दिला, ओमानचा म्हणून. "वासच वेगळा," म्हणाल्या.

दोन महिन्यांनी ह्यांनी काम संपलं म्हणून सांगितलं आणि घरी आले. दुसऱ्याची मोठी बॅग मागून आणली, नवा शर्ट, कपड्यांना ऊद. गल्ली गोळा झाली. कुवेतवाली अक्का पोरीला कडेवर घेऊन पुढं आली, "बघ, कोण आलंय? सांग सगळ्यांना, कोण हाय हे?"

पोरीनं ह्यांच्याकडं बघितलं न्हाई. आधी माझ्याकडं बघितलं. मग मोठ्यानं म्हणाली, "कुणी न्हाई."

सगळे हसले. अरबस्तानात गेलं की असंच होतंय, पोरं बाप विसरतात म्हणाले. आत्या सगळ्यात जास्त हसल्या. ह्यांनी हात पुढं केले होते ते खाली घेतले.

त्याला आता पाच महिने झाले. एका घरात राहतो. ती ह्यांच्याजवळ जात न्हाई, ह्यांच्या हातनं जेवत न्हाई, मारलं तरी अप्पा म्हणत न्हाई. मारलं मी त्यासाठी बी. आणि संध्याकाळ झाली की मोबाईल घेऊन माझ्याकडं येते, "अप्पाला लाव." हे समोर बसलेले असतात. हे उठतात, माडीवरच्या खोलीत जातात. ते घड्याळ आणलंय बेलूरवरनं, तिथंच भिंतीला लावलंय, अजून दीड तास मागं. त्याच्या पुढं बसून फोन उचलतात. मग खाली पोरगी हसते, नाचते, "अप्पा, कासव बघितलं?"

"बघितलं," हे म्हणतात. आवाज फोनमधनं बी येतोय आणि जिन्यावरनं बी. ती जिन्याकडं वळून बघत न्हाई.

मी तिला त्या रस्त्यात हात सोडून ह्यांच्याकडं जाऊ द्यायला पाहिजे होतं का? मागं पायरीवर त्या तिघी उभ्या होत्या, नणंदेच्या अंगावर दुकानातल्या पोरीनं उजेडात रंग बघाय साडी लावून ठेवलेली, आणि माझ्याकडं एका श्वासाएवढा वेळ होता. तुम्ही असता तर काय केलं असतं?