मसुरीएवढा उजेड

बायको गेली तेव्हा मागावर अर्धं लुगडं होतं. जांभळं. आमच्या धंद्यात बाप्या विणतो आणि बाई रहाटावर कांड्या भरते, म्हणजे नळीवर सूत गुंडाळून देते. ती कांडी धोट्यात बसवायची आणि धोटा इकडून तिकडं पळवायचा. उरलेल्या लुगड्यापुरत्या कांड्या तिनं भरून टोपलीत ठेवल्या होत्या. सुतक फिटलं, पण मी टोपलीला हात लावला नाही. दुसरं सूत घालावं तर रंग जुळत नाही, मधेच पट्टा उठतो. तेव्हा माग बंद.

सून तोंडावर बोलायची. "मामंजी, टोपली काय देव्हाऱ्यात मांडायची हाय का? उंदरं कुरतडत्यात."

"कुरतडू दे."

खरं सांगायचं तर त्या कांड्या संपल्या की तिच्या हातचं काहीच उरणार नव्हतं. हे सुनेला काय सांगायचं?

वरच्या खोलीत एक शाळामास्तर भाड्यानं राहायचे. मुलांच्या मासिकात ते आभाळाविषयी लिहायचे. छापायला धाडायच्या आधी गल्लीतल्या पोरांना ओट्यावर बसवून वाचून दाखवायचे. पोरं जिथं चुळबुळ करतील तेवढं खोडायचे. एका संध्याकाळी त्यांनी इंग्रजी पुस्तकातलं चित्र आणलं. काळ्यावर पांढरा डाग, बस.

"ही आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी आकाशगंगा. फार लांब आहे. मसुरीचा दाणा कडेनं बघा. मधे फुगीर, टोकाला निमुळता. तशीच ही."

माझी नात पुढं सरकली. "ह्यात तारं कुटं हायत?"

"सगळे तारेच आहेत. खळ्यावरची ज्वारी लांबून बघितली तर दाणे दिसतात का? रासच दिसते. काही आकाशगंगांना भोवती वळलेले फाटे असतात. हिला तेही नाहीत. नुसती गुळगुळीत चकती."

"आत्ता ती तितंच हाय का?"

"ते कोण सांगणार? हा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता. चालत चालत आत्ता पोचला. मागं तिथं काय झालं, ते आज आपल्याला कळायचं नाही."

मला राग आला. दारातूनच बोललो, "मास्तर, पोरांला कायबी सांगू नका. हाय का न्हाय त्येच ठावं न्हाय, ते दिसंल कसं?"

मास्तर चिडले नाहीत. "निघालेला उजेड थांबत नाही, बाबा. मागं दिवा असो नसो, तो येतोच."

"आन् दिवा इझला आसंल तर?"

"तर शेवटचा उजेड पोचेपर्यंत दिसत राहील."

नातीनं विचारलं, "आला आन् कुनी बघितलाच न्हाय तर?"

"तर भिंतीवर पडला नि गेला. वाया."

पोरं हसली. मी आत जाऊन बसलो. जेवलो नाही.

सकाळी मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसलो आणि टोपलीवरचं फडकं काढलं. एक कांडी उंदरांनी खाल्ली होती. बाकीच्या धड होत्या. बायको फार घट्ट भरायची, आणि मी जन्मभर ओरडायचो, "कांडी हाय का धोंडा?" सूत मात्र सुटताना कुठं अडलं नाही. सून चुलीपासून उठून आली, दारात उभी राहिली. घट्ट भरल्यामुळं सूत जास्त मावलं म्हणूनच असेल, एक कांडी कमी असून लुगडं पुरं झालं.

ते व्यापाऱ्याकडं गेलं. मंद्रूपच्या बाजारात विकलं असेल, नाही तर वैरागच्या. कुणीतरी नेसत असेल. ती बाई कोण, ते मला ठाऊक नाही, आणि सूत कुणी भरलं ते तिला.

रिकाम्या नळ्या सुनेनं गोळा केल्या. आता ती भरते. सैल भरते. मी ओरडतो.