घळीची वाट

आमच्या भोरच्या शाळेत वादविवादाला एक नियम होता. पुस्तकातली वाक्यं चालायची नाहीत, प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एक तरी उदाहरण द्यायचं. नियम मराठीच्या मास्तरांचा. मला तो फार आवडायचा, कारण मी आगाऊ होतो आणि दुसऱ्याच्या घरातलं मला चटकन दिसायचं.

मॅट्रिकच्या आदल्या वर्षी विषय निघाला, राखीव डोंगरावर शेळ्यांना बंदी असावी की नसावी. तीन-तीन जणांचे दोन संघ, बाजू चिठ्ठ्या टाकून. मला बंदीची बाजू आली. माझ्या बाकावरचा मित्र पलीकडच्या संघात गेला. तो वेल्ह्याकडच्या एका धनगरवाड्यावरचा, तिथून हायस्कुलात आलेला पहिलाच. त्याच दिवाळीत मी चार दिवस त्याच्या घरी राहून आलो होतो.

पाहुणे म्हणून जंगलखात्याचे साहेब पहिल्या रांगेत बसले होते. मित्र सुरेख बोलला, हे कबूल करणं आजही मला जड जातं. हद्दीच्या दगडावर त्याचा म्हातारा बाप उन्हात कसा बसून राहतो, एकेक शेळी हाक मारून कशी मागे वळवतो, ते त्याने सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिंकणाऱ्या संघाची ढाल हातची चालली होती.

मी उठलो आणि सांगितलं की मी डोळ्यांनी पाहिलंय, याच्याच वडिलांच्या शेळ्या हद्दीच्या आत चरतात. गार्ड तिकडे फिरकत नाही, हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. मग शेळ्या जिथून आत शिरतात, ती ओढ्यापलीकडच्या घळीची वाटही सांगून टाकली. ती कुणी विचारली नव्हती.

उत्तराची पाळी मित्राची. त्याची शाळेतली भाषा गळून पडली.

"ह्यो म्हंतोय ते खरं हाय," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "पर चार दिस दूध प्यालास, तवा शेळी कुठं चरली ते इचारलं न्हाईस."

त्याच्या बोलीला सगळी शाळा हसली. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने. साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. ढाल आम्हाला मिळाली.

पंधरवड्यात घळीवर पहारा बसला. शेळ्या आता पार लांबच्या माळावर न्याव्या लागत, आणि म्हाताऱ्याचे गुडघे तेवढे चालत नव्हते. तो पोराला न्यायला शाळेत आला. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून मास्तरांनी अर्ज लिहायला मला बोलावलं. माझं अक्षर वळणदार होतं. घरी कामाला माणूस नसल्याने मुलाचं नाव शाळेतून कमी करावं, असं मी लिहिलं. मित्र दाराशी उभा होता. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्याने. लाज वाटली, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

म्हाताऱ्याने अंगठा उठवला आणि धोतराला पुसला.

"तुमी लई झ्याक बोललात म्हनं," तो म्हणाला. "पोरगं सांगत हुतं. काय बोललात, ते काय सांगत न्हाई बगा. दिवाळीला या परत. ह्यो आता घरीच असंल."

मी येतो म्हणालो.