तासभर आधी

मापवाल्या बाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या मी शिकवत होते त्या पाचवीच्या वर्गाच्या दारात. नव्या गणवेशांची मापं घ्यायला त्या आल्या होत्या. गळ्यात टेप होती, पण ती लावण्याआधी त्या मुलाच्या शेजारी उभ्या असलेल्या आईला एकदा खालपासून वरपर्यंत बघून घेत. आई उंच असली की पॅन्टच्या दुमडीत दोन बोटं जास्त कापड सोडत. "हा वर्षभरात ताडासारखा वाढणार," असं पुटपुटत वहीत आकडा लिहीत. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या एकाही मुलाची पॅन्ट घोट्याच्या वर गेली नाही. मुलांनी त्यांना मापवाल्या बाई म्हणायला सुरुवात केली आणि पुढे आम्ही शिक्षकही तेच म्हणू लागलो.

तीस वर्षं त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत पायमशीन चालवलं. शाळा उघडायला चार महिने असतानाच त्या कामाला बसत. "माझा हात धिमा आहे, लवकर बसल्याशिवाय भागत नाही," असं सांगत. त्या मशीनपायी उजवा गुडघा गेला. यजमान पाणीपुरवठ्यात पंप चालवायचे. ते निवृत्त झाल्यावर दोघांनी आठ दिवसांची परदेशातली सहल ठरवली. त्याच सहलीला मी आणि माझी बहीण होतो.

बत्तीस माणसं, एक बस आणि एक गाईड. गाईड आपल्याकडचाच, तिशीतला, स्वभावाने चांगला, पण सतत घड्याळाकडे बघणारा. पिवळी छत्री उंच धरून तो पुढे भराभर चालायचा आणि आम्ही मागे धावायचो. पहिल्याच दिवशी मापवाल्या बाई राजवाड्याच्या दाराशी पोचल्या तेव्हा आम्ही बघून बाहेर येत होतो. दुसऱ्या दिवसापासून गाईडने आधीच सांगायला सुरुवात केली, "काकू, तुम्ही इथे बाकावर बसा. आम्ही पाऊण तासात आलोच."

यजमानांना त्या आग्रहाने आत पाठवत. ते परत आले की चौकशी व्हायची.

"काय होतं आत?"

"राजाचा दरबार."

"कसा होता?"

"मोठा होता."

"अहो, मोठा म्हणजे किती?"

"आपल्या टाकीच्या तिप्पट."

"राजा काय टाकीत राहायचा? पडदे कसले होते, ते तरी बघितलंत का?"

"पडदे होते खरे," यजमान म्हणत. बस हसायची. बाईही हसत. पण चौथ्या दिवशी बसमध्ये त्या मला म्हणाल्या, "बाई, मी आत्तापर्यंत चार बाक बघितले. चांगले होते. पण उद्याची टेकडी मला बघायचीच आहे."

सहलीच्या माहितीपत्रकावर त्या टेकडीचं चित्र होतं. वर एक जुना बुरूज, खाली लाल कौलांचं गाव, आणि गावाला वळसा घालून समुद्राला मिळणारी नदी. त्या चित्रासाठीच त्यांनी ही सहल निवडली होती.

संध्याकाळी गाईड म्हणाला, "काकू, उद्या तीनशे पायऱ्या आहेत. उद्या तुम्ही हॉटेलवर आराम करा."

"बरं," बाई म्हणाल्या. "त्या पायऱ्यांना दार असतं का रे? कधी उघडतं?"

"दार कसलं, काकू? रस्त्यालाच लागून आहेत, या समोरच्या चौकातून."

सकाळी नाश्त्याला दोघं आली नाहीत. खोली बंद. फोन केला तर तो खोलीतच वाजत होता. गाईडचा चेहरा पांढराफटक पडला. हॉटेलचे दोन मजले, मागची बाग, शेजारची औषधांची दुकानं, सगळं शोधून झालं. तासभर गेला आणि बाजाराचा कार्यक्रम रद्द झाला. आमच्यातले एक निवृत्त बँकवाले सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोघांपायी तीस जणांचा खोळंबा. यांना आणायचंच कशाला?" खोटं कशाला सांगू, नातीसाठी बाहुली घ्यायची राहिली म्हणून मीही चिडले होते.

शेवटी गाईड म्हणाला, "टेकडीवर जाऊन येऊ. नाहीच दिसली तर पोलिसांत जातो."

दोघं बुरुजाच्या कट्ट्यावर बसली होती. यजमान बोटाने नदी दाखवत होते आणि बाई, "दिसते हो मला, तुम्ही मधून बाजूला व्हा," म्हणत होत्या.

गाईडला धाप लागली होती. "काकू, असं न सांगता? माझी नोकरी गेली असती."

"चिठ्ठी सरकवली होती की तुझ्या दाराखालून, सहा वाजता," यजमान म्हणाले.

"मी साडेपाचलाच मागे वाहनतळावर होतो. बसवाल्याशी बोलायला."

बाई कट्ट्याचा आधार घेत उठून उभ्या राहिल्या. "चुकलं माझं. तुझ्या हातात द्यायला हवी होती. या सगळ्यांचा बाजारही माझ्यामुळे बुडाला." त्या बँकवाल्यांकडे वळून हात जोडून म्हणाल्या, "माफ करा." ते नदीकडे बघत राहिले.

"पण चढलात कशा?" गाईडने विचारलं.

"दहा पायऱ्या, मग बसायचं. परत दहा. दोन तास लागले." मग काठी उचलत म्हणाल्या, "तुम्ही बघा आता सावकाश. आम्ही निघतो."

"आता कुठे?"

"खाली. तुमच्याबरोबर बसमध्ये बसायचं तर मला आत्ताच निघायला हवं."

गाईड तिथेच पायरीवर बसला आणि पहिल्यांदाच मोकळा हसला. आम्ही खाली आलो तेव्हा दोघं बसमध्ये आपापल्या जागी होती.

पुढचे तीन दिवस तो आदल्या संध्याकाळी त्यांना वेळ आणि रस्ता सांगायचा, कागदावर नकाशा काढून द्यायचा. दोघं तासभर आधी निघत. त्यातल्या तिसऱ्या दिवशी बँकवाल्यांच्या दमा असलेल्या पत्नी या दोघांबरोबर गेल्या. बँकवाले मात्र विमानतळापर्यंत बोलले नाहीत. एका संग्रहालयाचं दार दहाशिवाय उघडत नव्हतं. ते बाईंचं राहिलं ते राहिलंच. तिथलं वर्णन यजमानांनी केलं, टाकीच्या हिशेबात.

मापवाल्या बाई आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत. शिवणकाम बंद आहे, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनला त्या अजून नाही म्हणतात. पुढच्या महिन्यात दोघं पुन्हा परदेशी निघाली आहेत. या खेपेला बस नाही, गाईड नाही. एकाच गावात दहा दिवस राहणार आहेत.