मुंबई मिळेपर्यंत एक वेळ

माझ्या थोरल्या दिरांइतका रागीट माणूस उभ्या गिरगावात झाला नाही, आणि त्यांच्यावर माझ्याइतकं चिडलेलं माणूसही झालं नाही. फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघांनी एकमेकांवर चिडण्यात बरीच वर्षं घालवली. माझा नवरा आणि जाऊबाई तेवढा वेळ खाली मान घालून जेवत असायचे. भाऊजी सकाळी उठत तेच चिडून. नळाला पाणी नसलं की चिडत, आणि असलं की शेजाऱ्याने आधी बादली लावली म्हणून चिडत. फोर्टातल्या कचेरीत ते कारकून होते. तिथल्या पंख्याचाही त्यांना राग, कारण तो म्हणे साहेब आला की जोरात फिरायचा. पण आमचं लग्न ठरताना मुलगी परळच्या इस्पितळात नर्स आहे हे ऐकून नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हा त्या सगळ्यांवर सर्वांत आधी चिडले तेही भाऊजीच. "मुलगी आजाऱ्यांची सेवा करते, दरोडे घालत नाही," असं त्यांनी भर बैठकीत सुनावलं. त्या एका वाक्यापायी मी त्यांचं पुढचं सगळं सोसलं.

माझी ही सेवा स्वतःच्या अंगाला लावून घ्यायची मात्र त्यांची तयारी नव्हती. थर्मामीटरवर तर त्यांचा दातच होता. "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार हे ठरवलं कुणी? इंग्रजानं, त्याच्या थंड देशात बसून. आम्ही कोकणातले. आमचं रक्त जात्याच गरम." त्यांना ताप आला की तो त्यांचा स्वभाव, आणि दुसऱ्या कुणाला आला की तो सरकारचा नाकर्तेपणा. नाडी बघायला मनगट धरलं की नेमके तेव्हाच ते द्विभाषिक राज्यावर बोलू लागत. भाषणाबरोबर नाडीही पळायला लागे आणि माझी मोजणी चुके. मग मी त्यांच्या तोंडात थर्मामीटर खुपसून त्यांना गप्प करायची. श्वास मोजण्याची आमची एक रीत असते. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही आणि रोग्याला न कळू देता त्याच्या छातीकडे बघत राहायचं, कारण आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस नीट श्वास घेईनासा होतो. ही रीत भाऊजींना कुणीतरी सांगितली. झालं, "घरात राहून फसवणूक?" म्हणून त्यांनी आठवडाभर अबोला धरला. त्यानंतर मी मनगट धरलं की ते श्वासच रोखून धरत आणि लालबुंद होऊन माझ्याकडे बघत राहत.

अशा माणसाच्या पोटात अल्सर झाला नसता तरच नवल. डॉक्टरांनी बजावलं, पोट रिकामं ठेवायचं नाही. दर दोन तासांनी दूध, जेवायला मऊ भात, तिखट आणि चहा बंद. त्याच सुमारास संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर मुंबईत गोळीबार झाला. भाऊजी घरी आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर दुसऱ्या कुणाचं तरी रक्त होतं. सदरा न बदलताच ते देवापुढे उभे राहिले आणि म्हणाले, मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत मी एक वेळ जेवीन. जाऊबाई रडायला लागल्या. मी भडकले.

"भाऊजी, पोटातलं ॲसिड मुंबईसाठी थांबणार नाही. ते तुमचं पोट खाईल."

"खाऊ दे. घरात कुणीतरी दोन्ही वेळ जेवायला हवंच."

दूध म्हणजे जेवण नव्हे, ते औषधात धरा, असंही मी सांगून पाहिलं. "औषधात वेलची घालतात का?" असं विचारून त्यांनी पेला परत माझ्या हातात दिला. गोळ्या ज्यांनी घातल्या ते दोन्ही वेळ व्यवस्थित जेवत होते आणि आमचा माणूस रात्री पोट धरून कण्हत होता. मला कुणाकुणाचा राग येत होता ते मलाच कळत नव्हतं.

एका संध्याकाळी ते शिवाजी पार्कवरच्या सभेहून परतले. दारातच जाऊबाईंच्या हातून त्यांच्या चपलांवर पाणी सांडलं. भाऊजी काही बोलले नाहीत. त्यांचं वर्तमानपत्र कुणीतरी चुरगाळून ठेवलं होतं, त्यावरही काही नाही. नुसते खाटेवर बसून राहिले. मी मुद्दाम म्हटलं, "आज वॉर्डात सगळे म्हणत होते, मुंबई काही आपल्याला मिळत नाही."

"नसेल," ते म्हणाले.

मी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं तर हात गार आणि घामाने ओला, नाडी बारीक आणि भराभर पळणारी. आत रक्तस्राव होत होता. टॅक्सीत घालून आम्ही त्यांना परळला, माझ्याच इस्पितळात नेलं. त्या माणसाचा राग उतरला की समजायचं जिवावर बेतलंय, हे काही मला नर्सिंगच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

बाहेरचं रक्त चढवून त्यांना वाचवलं. पुन्हा रक्त गेलं तर आशा नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. दर दोन तासांनी दूध सुरू करायचं ठरलं, आणि भाऊजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी गणवेशात, हातात फीडिंग कप घेऊन उभी. भर वॉर्डात माझा तोल सुटला.

"त्या गोळीबारात मेले त्यांना कुणी विचारलं होतं का, मरता की जगता? तुम्हाला मी विचारतेय. आणि तुम्ही तोंड फिरवता?"

त्यांनी हळूहळू मान वळवली. चेहऱ्यावर थोडा राग परत आला होता.

"तू माझा नेम मोडतेयस."

"मोडतेय."

ते प्यायले. शेवटच्या घोटापर्यंत माझ्याकडे वैऱ्यासारखं बघत प्यायले, आणि त्यानंतर दर दोन तासांनी तसंच. घरी आल्यावर दोन्ही वेळ जेवू लागले, पुन्हा नळावर आणि पंख्यावर चिडू लागले. नेमाचं नाव मात्र पुन्हा निघालं नाही.

मग मुंबई मिळाली. वाडीत तोरणं लागली, घराघरांतून पेढे फिरले. सकाळीच भाऊजींनी धुतलेलं धोतर नेसलं, कोट चढवला, टोपी घातली आणि खुर्चीवर बसून राहिले. मिरवणुकीचे ताशे ऐकू यायला लागले तशी मी त्यांना बोलवायला खालून वर आले.

"भाऊजी, चला. मिरवणूक कोपऱ्यावर आलीय."

"तू जा. ज्यांनी शब्द पाळला त्यांची मिरवणूक आहे ती."

मला संताप आला. याच दिवसासाठी मी या माणसाशी भांडले होते, आणि हा माणूस कोट घालून आत बसलेला. माझा चेहरा बघून ते हळू आवाजात म्हणाले, "तुझ्यावर राग नाही गं. तू पाजलंस म्हणून नाही मी प्यायलो. पहिला घोट गेला आणि मला जगावंसं वाटलं. तेवढंच सलतं."

मी खाली गेले नाही. त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. ताशे खालून वाजत गेले आणि ठाकुरद्वाराच्या दिशेने लांब लांब होत गेले.

आता भाऊजी नाहीत. जगावंसं वाटलं याची त्यांनी लाज बाळगली, याचा मला अजून राग येतो. पण तो राग घेऊन ज्यांच्याशी भांडावं, त्यांची खुर्ची रिकामी आहे.