अर्ध्या दाढीवरचा फोन

लातुरात आमच्या क्लासच्या गल्लीतला न्हावी वस्तरा गळ्याला टेकल्यावरच बोलायला लागतो. गिऱ्हाइकाला मान हलवायची सोय नसते.

"सर, अवयवदानाचं घरी सांगितलं का? नुसतं कार्ड खिशात ठेवून भागत न्हाई. येळेला घरचे न्हाई म्हणले की संपलं."

एकदा मी "हाव, सांगितलं" म्हणून ठोकून दिलं. गाल अर्धा तसाच ठेवून त्यानं माझाच मोबाईल माझ्यापुढं धरला. "लावा वहिनींना."

लावला. स्पीकरवर बायको म्हणाली, "मला आत्ताच कळतंय. पण डोळे, किडन्या, सगळं देईन. नाक तेवढं नको. ह्यांच्या घोरण्यानं दुसऱ्याचा संसार मोडायचा."

सगळं दुकान हसलं. मी चिडून विचारलं, "तुमच्या घरी काय म्हणतात?"

त्याचा वस्तरा थांबला. "सारी गल्ली राजी केली सर, आमचीच ऐकून न्हाई राहिली. म्हणती, डोळे देऊन टाकले तर वर गेल्यावर मला वळखणार कशे?"

उरलेली दाढी त्यानं उरकली. टॉवेल झटकताना हळूच म्हणाला, "रविवारी वहिनींना आमच्या घरी पाठवता का? तुम्ही न्हाई आले तरी चालंल."