बाबांच्या रिकाम्या बाटल्या

मोठी कंपनी माल चांगला असतो म्हणून मोठी राहते, असं कुणी म्हटलं की माझं डोकं अजूनही तापतं. पुलगावात आमचा संत्र्याच्या थंड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची टिनाची शेड, बूच ठोकायचं मशीन चालवणारे बाबा, आणि बाटल्या धुणाऱ्या आई नि मी. धुतलेल्या बाटलीच्या तोंडावरून अंगठा फिरवायचा. टवका लागला की बाटली बाद. मालाला नाव ठेवायला जागा नव्हती.

एका उन्हाळ्यात मोठ्या कंपनीची गाडी आली. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याला त्यांनी बर्फाची पेटी फुकट दिली. बाबा माल घेऊन गेले तर तो खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, तुमचा थंडा मले आवडते. पण पेटीत दुसऱ्याचा माल ठेवला तं ते पेटी उचलून नेतीन." आमच्याकडच्या उन्हात कोमट थंडा कोण पिणार?

बाबा हट्टी. आमच्या बाटल्यांसाठी ते बर्फाची लादी स्वतः पोचवू लागले. मग रिकाम्या बाटल्याच परत येईनात. हॉटेलवाला म्हणाला, "त्यायचा गाडीवाला घेऊन गेला. मी म्हटलं, भाऊच्या हायेत. तो म्हणे, सारख्याच तं दिसतेत."

असं दर खेपेला होऊ लागलं. शेवटी बाबा वर्ध्याला त्यांच्या गोदामात गेले. तिथल्या साहेबाने चहा पाजला, माफी मागितली, बाटल्या परतही केल्या. घरी मी अंगठा फिरवला. एकूण एक बाटलीचं तोंड टवकलेलं. बोट कापलं तरी मी सगळ्या तपासल्या.

नव्या बाटल्या घ्यायची ऐपत नव्हती. आईने मशीनवर पोतं टाकलं आणि बाबा कापडगिरणीत पाळीवर जाऊ लागले. पुढे साबणाच्या, बिस्किटांच्या धंद्यातही मी हेच पाहिलं. दुकानाची पाटी फुकट रंगवून द्यायची, दुकानातली फळी आपल्याच मालाने अडवायची, वरून गोड बोलायचं. मला त्या गोड बोलण्याचाच जास्त राग येतो.

माझ्या लग्नात वरपक्षाने सांगून ठेवलं, वऱ्हाडाला कंपनीचाच थंडा हवा. बाबांनी खोकी आणली. पंगती उठल्यावर पाहते तर बाबा मांडवाच्या कोपऱ्यात उकिडवे बसून एकेका रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून अंगठा फिरवत होते.

"बाबा, राहू द्या ना. काऊन करता?"

"चांगल्या हायेत सगळ्या," ते म्हणाले आणि बाटल्या खोक्यात नीट लावत राहिले. "उद्या त्यायची गाडी येईन न्याले."